बदामाच्या झाडावरचं लाल गाठोडं

शत्रूने आपल्याकडे दुर्लक्ष केलेलं आम्हा नाशिककरांना अजिबात खपत नाही. सीमेवर जरा कुठे धूर निघाला की इथे चौकाचौकात मोजदाद सुरू होते. ओझरला विमानांचा कारखाना, देवळालीला तोफा, वर नोटांचा छापखाना; म्हणजे मुंबईनंतर नंबर आपलाच. हे सांगताना आवाजात भीती कमी आणि ऐट जास्त असते. आमच्या सोसायटीचे चेअरमन तर असे बोलायचे की जणू घरात कुणाचा मेरिटमध्ये नंबर आला असावा.

चेअरमन ओझरच्या कारखान्यातून रिटायर झालेले. कारखान्यात ते भांडारात होते, गणवेश आणि साबण वाटायचे. विमान त्यांनी आमच्याइतकंच पाहिलं, मान वर करून. पण त्या मे महिन्यात शहरात भोंगे वाजवून झाले, दिवे घालवून सराव झाला, आणि चेअरमन आमचे सेनापती झाले. रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्ची टाकून ते लोकांना बॉम्बचे प्रकार समजावून सांगायचे. लोक ऐकायचेही. घरचं कुणी ऐकत नसलं की माणसं असं काहीतरी ऐकायला खाली येतात.

मी त्या सभेला नसायचे. मी एका कचेरीत जन्मभर कारकुनी केली, नवरा गेल्यापासून एकटी राहते, आणि मला प्रश्न विचारायची खोड आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून मला काढून टाकलं होतं, कारण लिफ्टच्या दुरुस्तीबद्दल मी तोच प्रश्न सारखा विचारत होते. आम्ही बौद्ध. माझा उल्लेख तिथे 'त्या खालच्या मॅडम' असा होतो. खालच्या म्हणजे तळमजल्यावरच्या, असा खुलासा मला न विचारता दोनदा मिळालेला आहे.

आमच्या इमारतीत पोळ्या करायला एक बाई यायची. बागलाणातली, सटाण्याच्याही पलीकडच्या एका वाडीतली. इथे नाशकात द्वारका चौकाच्या मागे एका चाळीत खोली घेऊन राहायची. शहरात शहरासारखं बोलायची, पण चिडली किंवा घाबरली की तिची अहिराणी बाहेर यायची. ती आईची एकुलती एक. म्हातारी वाडीत एकटी, आणि तिचं एकच मागणं होतं: एकदा गंगेवर ने. त्या बाजूच्या बायका गोदावरीला गंगाच म्हणतात. ही दर वर्षी म्हणायची, यंदा मायला आणते, रामकुंडावर आंघोळ घालते, चार दिवस ठेवून घेते. आणि दर वर्षी कुणाकडे पाहुणे असायचे, कुणाचं ऑपरेशन, कुणाची दिवाळी. पोळ्यांना सुट्टी नसते. म्हातारी वाट बघत राहिली आणि त्या मे महिन्यात मरून गेली.

अग्नी लेकीनेच दिला. चुलतभाऊ होते, ते स्मशानात उभे राहून बाईमाणसाने हे करावं का यावर चर्चा करत होते. मडकं धरायला एकही पुढे झाला नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडली. त्याच दिवशी सेक्रेटरीच्या बायकोचा तिला फोन गेला. सेक्रेटरी चौथ्या मजल्यावर राहतात आणि त्यांच्याकडे सुरतेचे पाहुणे यायचे होते. त्या बाईंनी फोनवर धर्मशास्त्र सांगितलं: लग्न झालेल्या लेकीला सुतक तीनच दिवसांचं, चौथ्या दिवशी कामावर यायला हरकत नाही. ही म्हणाली, अग्नी मीच दिला ना ताई, मला दहा दिवस धरतात. त्यावर बाई म्हणाल्या, मग मला दुसरी बघावी लागेल. शास्त्र असं सोयीचं असलं की फार छान चालतं.

तर चौथ्या दिवशी सकाळी मी फाटकाशी दुधाची पिशवी घ्यायला उभी असताना ती आली. पहिल्या एसटीने निघाली होती, द्वारकेला उतरून सरळ चालत आली. डोळे सुजलेले. हातात एक लाल गाठोडं. आत अस्थींचं छोटं मडकं. एसटीच्या हादऱ्याने फुटू नये म्हणून भोवती गोणपाट गुंडाळलेलं, वरून लाल फडकं, आणि धरायला म्हणून ठिबकची काळी नळी वेटोळं करून बांधलेली. आमच्या जिल्ह्यात ठिबकची नळी बागेत जेवढी वापरतात त्याहून जास्त बाहेर वापरतात. तिच्यावर कपडे वाळतात, तिने वासरं बांधतात, तुटक्या बादलीला ती कडी म्हणून लावतात. सोसायटीतल्या निम्म्या लोकांच्या गावाकडे द्राक्षबागा आहेत. ही नळी त्यांच्या लहानपणापासूनची ओळखीची.

"अकराला रामकुंडावर गुरुजी सांगितलेत," ती म्हणाली. "तेवढ्या वेळात वरच्या ताईंच्या पोळ्या उरकते. मग मायला नेते."

"मग हे माझ्या घरात ठेव," मी म्हणाले.

"नाय ताई. घरात नेत नाहीत. जमिनीला पण टेकवत नाहीत."

"माझ्याकडे असलं काही नसतं. मला सुतक नाही आणि पातकही नाही."

"तुमचं नसंल ताई," ती म्हणाली. "मायचं होतं ना."

अस्थी नदीत सोडल्याने मेलेल्या माणसाचं काही भलं होतं यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण जिवंत म्हातारीला जे मिळालं नाही ते मेल्यावर तरी द्यायचं, यासाठी एक बाई रात्रभर जागून गाठोडं मांडीवर धरून आली होती. तिच्याशी वाद कसला घालायचा?

पार्किंगच्या कोपऱ्यात बदामाचं झाड आहे. तिने गाठोडं त्याच्या एका फांदीला अडकवलं, नीट तपासलं, आणि "बस माय जराशी, आलेच," असं म्हणून जिन्याकडे गेली. रात्रीचा वॉचमन ड्युटी संपवून निघाला होता. त्याने झाडाकडे पाहिलं, काही न विचारता हात जोडले आणि सायकलवर बसला. इतकं ते समजायला सोपं होतं.

मी घरात येऊन आंघोळीला गेले. पुढचं जे ग्रुपवर घडलं ते दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीने मला नंतर फोनवर दाखवलं, म्हणून कुणी काय लिहिलं ते मला माहीत आहे. सकाळी फिरून आलेल्या एका गृहस्थांनी लांबूनच गाठोड्याचा फोटो काढला आणि टाकला: हे कोणाचं आहे? फोटो लांबून ओढून मोठा केलेला, त्यामुळे नळी चांगली जाडजूड दिसत होती. लगेच खाली उत्तरं. वायर दिसतेय. काल नव्हतं. मग एक शहाणा म्हणाला, धार्मिक वाटावं म्हणून मुद्दाम लाल कापड वापरतात, हीच पद्धत असते त्यांची. 'त्यांची' म्हणजे कोणाची हे कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना कळलं होतं. चेअरमन म्हणाले, कोणीही हात लावू नये, मी येतोय. घरकामाला येणाऱ्यांपैकी कुणाचं असेल का, हा प्रश्न त्या अख्ख्या ग्रुपमध्ये एकालाही पडला नाही.

सेक्रेटरी हे सगळं आपल्या जेवणाच्या टेबलाशी बसून टाइप करत होते. चार हातांवर ओट्याशी ती पोळ्या लाटत होती. मान वळवून विचारलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण पोळ्या लाटणाऱ्या बाईला देशाच्या सुरक्षेबद्दल कोण विचारतं? सेक्रेटरींनी दागिन्यांचा डबा घेतला, पाहुणे घेतले, कुत्रं घेतलं आणि सगळे लिफ्टने खाली गेले. तिला कुणी काही सांगितलं नाही. फक्त बाई दारातून म्हणाल्या, पोळ्यांवर झाकण ठेव. इमारतीत बॉम्ब आहे अशी ज्यांची पक्की खात्री होती, त्यांनी तिला चौथ्या मजल्यावर तव्यापाशी सोडलं आणि पोळ्या मात्र झाकायला लावल्या.

आरडाओरडा ऐकून मी ओल्या केसांनी बाहेर आले. सगळी सोसायटी फाटकाबाहेर रस्त्यावर. नाइटीवर ओढण्या घेतलेल्या बायका, दाढीचा फेस गालावर असलेला एक जण, मोबाइल वर धरलेली पोरं. चेअरमन एका पांढऱ्या गाडीच्या आडोशाला, डोक्यात स्कूटरचं हेल्मेट घालून बसले होते. मला हसूच आलं. हसतच मी म्हणाले, "अहो, अस्थी आहेत त्या. पोळ्यावाल्या बाईच्या आईच्या. माझ्यासमोर टांगल्यात तिने."

"तुम्ही उघडून पाहिलंत?" चेअरमन म्हणाले.

"अस्थी उघडून पाहतात का कुणी?"

"मग पाहिलं नाहीत. म्हणजे ऐकीव माहिती."

"ती नळी ठिबकची आहे. तुमच्या भावाच्या बागेत मैलभर पसरलीय."

"मॅडम, ही काही वार्षिक सभा नाही, प्रत्येक गोष्टीला आडवं जायला."

लोकांनी माना डोलावल्या. मी नेहमीच आडवी जाते, तेव्हा आताही जात असणार. मी सरळ झाडाकडे निघाले, तर दोघांनी माझे दंड धरले. "तुमच्या वयाचा विचार करा," असं म्हणत त्यांनी मला फाटकापाशी आणून उभं केलं आणि दंड सोडले नाहीत. काळजी दाखवत माणसाला किती घट्ट धरता येतं ते मला त्या दिवशी कळलं.

पोलिसांना फोन झाला होता. तिकडून सांगितलं, माणूस पाठवतो, तोवर कुणी जवळ जाऊ नका, काही करू नका. एवढं सोपं मराठी. पण चेअरमनना काही न करणं जमेना. पंचाण्णव टक्के बॉम्ब ओलाव्याने निकामी होतात, असं ते म्हणाले. हा आकडा त्यांनी साबणाच्या वड्या मोजताना कुठे मिळवला कोण जाणे. "दिवाळीत भिजलेला फटाका वाजतो का?" त्यांनी विचारलं. नाही वाजत, हे सगळ्यांना पटलं. झाडांना पाणी घालायचा लांब पाइप आला. पाणीटंचाई म्हणून याच पाइपाने गाड्या धुवायला त्यांनी महिनाभर बंदी घातली होती.

तेवढ्यात ती खाली आली. पोळ्या करता करता गॅलरीतून तिने गर्दी पाहिली असणार. जिन्यातून बाहेर पडली, हाताला पीठ, पदर खोचलेला, आणि सरळ झाडाकडे निघाली. लोक एकदम किंचाळले. तिला वाटलं आपल्या मागे कुणाला तरी काही झालंय, म्हणून तिने वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"हिनेच ठेवलंय!" कुणीतरी ओरडलं. खरंच होतं ते. त्या सकाळी सोसायटीत बोललं गेलेलं पहिलं खरं वाक्य.

"मालेगाव साइडची आहे ती," सेक्रेटरीच्या बायकोने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "मी आधीपासून म्हणत होते." सटाण्याच्या पलीकडची वाडी क्षणात मालेगावात गेली, आणि तीन वर्षं जिच्या हातच्या पोळ्या खाल्ल्या ती बाई कुठून कुठे. दोन तरुण धावले. दोघांचेही डबे ती रोज भरायची. त्यांनी तिला भिंतीवर दाबली, एकाने हात पिरगाळला. तिच्या हाताचं पीठ त्याच्या काळ्या शर्टाला लागलं तसा तो ओरडला, "पावडर! हिच्या हाताला पांढरी पावडर आहे!" गर्दी आणखी मागे सरकली. नाकाला रुमाल लागले. गव्हाचं पीठ ओळखता न येणारी ही माणसं, आणि बॉम्ब ओळखायला निघालेली.

तिने पाइप पाहिला. तो कुठे रोखलाय ते पाहिलं, आणि तिचं शहरातलं मराठी गळून पडलं.

"मनी माय शे त्यामा!" ती ओरडली. "पानी नका मारू हो! मनी माय शे!"

मी आजवर पुष्कळदा स्वतःची समजूत घालून पाहिली आहे की लोकांना ते कळलं नसेल. पण माय हा शब्द कुणाला कळत नाही? माझ्या शेजारची एक बाई स्वतःशीच म्हणाली, "आई आहे म्हणते आत." आणि पाहुण्यांपैकी एक जण म्हणाला, "एवढ्याशा गाठोड्यात?" त्यावर दोघं-तिघं हसले. कळलं होतं सगळ्यांना. फक्त इतक्या लोकांनी घाबरून खाली यावं आणि काहीच निघू नये, हे त्यांना परवडणारं नव्हतं. पुन्हा वर जाऊन चहा ठेवायचा? मी दोघांच्या हातांत धडपडत होते, तोंडात येईल ते बोलत होते. मला त्या क्षणी तिथल्या प्रत्येकाचा संताप आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.

पहिल्यांदा नळातून नुसती पिचकारी आली. चेअरमन ओरडले, मोटार लावा. मोटार लागली आणि पाइप ताठ झाला. पाण्याचा फटका बसून गाठोडं एका बाजूला गेलं, परत आलं, आणि बुंध्यावर आपटलं. आत मडकं फुटल्याचा बारीक आवाज आला. त्यासरशी सगळे जमिनीवर. चेअरमन हेल्मेटसकट आडवे, हातात पाइप तसाच. पाणी मात्र चालूच होतं. फडकं सुटलं, गोणपाट लोंबायला लागलं आणि बुंध्यावरून राखाडी ओघळ खाली आले.

काहीच वाजलं नाही. मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि बाकीच्यांनीही वाजवल्या. बॉम्ब निकामी झाला होता ना!

भिंतीशी दाबून धरलेली ती त्या ओघळांकडे बघत होती.

हवालदार मोटरसायकलवर आला. गर्दी पाहिली, झाड पाहिलं, फरशीवर पसरलेलं पाहिलं. त्याने बूट काढून बाजूला ठेवले आणि मग जवळ गेला. खाली वाकला आणि तसाच म्हणाला, "अस्थी आहेत ना या. कुठल्या गावात राहता तुम्ही लोकं? रामकुंड ऐकलंय का?" त्याने पाइपाकडे बोट दाखवलं. "काही करू नका म्हणून सांगितलं होतं ना?" चेअरमन हेल्मेट काढायचा प्रयत्न करत होते, ते निघत नव्हतं. तेवढ्यात हवालदाराचा फोन वाजला. कुठल्याशा गच्चीवर कुणाला तरी ड्रोन दिसला होता. "पतंग असंल," असं म्हणत त्याने बूट घातले आणि तो गेला.

आता लाज वाटेल, असं मला वाटलं. कुणीतरी पुढे होईल, निदान मान खाली घालेल. पण अस्थी हा शब्द ऐकल्याबरोबर तिला धरणारे दोघे असे मागे उडाले की बॉम्बलाही इतके घाबरले नव्हते. एक जण सरळ आंघोळीला पळाला. तिचा आधार सुटला तशी ती भिंतीला घसरून खाली बसली. आणि सेक्रेटरीची बायको ओरडली, "अहो, आपल्या गाडीवर उडालंय ते! मेलेल्याची राख! धुवा आधी, धुवा!"

मग प्रत्येकालाच आपापली गाडी आठवली. चेअरमननी पाइप फिरवला. बोनेट, काचा, फरशी. दिवसाचा वॉचमन आत्ताच आला होता, त्याच्या हातात खराटा देण्यात आला. राख, हाडांचे बारके तुकडे, मडक्याच्या खापऱ्या, बदामाची वाळकी पानं, सगळं उताराने गटाराच्या जाळीकडे निघालं. माझे दंड आता कुणी धरले नव्हते. मी धावले, चेअरमनच्या हातातून पाइप ओढून घेतला आणि त्यांच्या तोंडावर धरला. त्यांचं हेल्मेट पाण्याने भरलं. मला फार बरं वाटलं, आणि तेवढ्यात दिसलं की त्यांच्या अंगावरून निथळलेलं पाणीही उरलंसुरलं घेऊन त्याच उताराने चाललंय. मी पाइप टाकून नळ बंद करायला पळाले. माझ्या बरं वाटण्याची किंमतसुद्धा त्या म्हातारीनेच दिली.

नळ बंद करून आले तेव्हा ती गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होती. मनगट सुजलं होतं. एका खापरीच्या पोटात थोडी चिकटलेली राख, फरशीच्या सांध्यात अडकलेले दोन-तीन तुकडे, एवढं तिला मिळालं. ते ती पदराच्या टोकात जमा करत होती.

चेअरमन भिजून उभे होते. आपलं काही चुकलं असं म्हणायची वेळ आली की हा माणूस विनोद करतो. "अहो, एवढं काय," ते म्हणाले. "हे पाणी जातं कुठे? नासर्डीत. नासर्डी जाते कुठे? गोदावरीत. म्हणजे पोहोचली ना माउली? घरबसल्या विसर्जन!" लोक हसले. ज्यांना हसू आलं नव्हतं तेही हसले, कारण हसल्यावर वर जायला मोकळीक होती. मी जाळीखालच्या चेंबरमध्ये पाहिलं. पानं आणि दुधाच्या पिशव्या अडकून ते तुंबलं होतं. राखाडी पाणी वर येऊन थांबलं होतं आणि तसूभरही पुढे सरकत नव्हतं. मी पाहिलं. ती खापऱ्या वेचत होती, तिने पाहिलं नाही. पण चेअरमनचं बोलणं तिने ऐकलं.

सेक्रेटरीची बायको जाता जाता म्हणाली, "पोळ्या अर्ध्याच झाल्यात, आणि आता ती कणीक पण टाकावीच लागणार." मग नवऱ्याला म्हणाली, "बाहेरून मागवा." दुपारपर्यंत दुसऱ्या पोळ्यावालीचा शोध ग्रुपवर सुरू झाला. शांत आणि स्वच्छ हवी, असं लिहिलं होतं.

मी घराला कुलूप लावून रिक्षा आणली. तिने पदराची गाठ मारून मुठीत धरली होती. अकरा वाजत आले होते. मी रिक्षावाल्याला रामकुंड म्हणाले.

"रामकुंड नको," ती म्हणाली.

"का गं? गुरुजी थांबलेत ना?"

"ही एवढीशीच आहे ताई. बाकीची तिकडून गेली ना? साहेब म्हणाले, नासर्डीने जाते. नासर्डी टाकळीला मिळते गंगेला. तिथं जाऊ. ती तिथं आली की ही पण तिच्यात सोडते. अर्धी वरती अन् अर्धी खालती, असं कसं करू मायला?"

ती थट्टा होती हे तिला सांगायला हवं होतं. शहरात इतकी वर्षं काढूनही, मोठ्या माणसाने सगळ्यांसमोर सांगितलेली गोष्ट खरी असते असं ती धरून चालत होती. मी गुरुजींना फोन केला. गटाराच्या संगमावर मी येत नसतो, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. टाकळीला जायचं म्हणून मी रिक्षावाल्याला सांगितलं.

टाकळीला नासर्डी गोदावरीला मिळते. मे महिन्यात तिथे नदी म्हणायला जे असतं ते शहराने सोडलेलं असतं. काळं पाणी, वर फेस, काठाला पानवेली आणि प्लॅस्टिक. नाकाला पदर लावल्याशिवाय उभं राहवत नाही. तिने नाकाला पदर लावला नाही, कारण पदर मुठीत होता. आम्ही एका दगडावर बसलो. ती नासर्डीच्या वरच्या अंगाला डोळे लावून बसली. काही वाहत आलं की पुढे वाकायची: एक निर्माल्याची पिशवी, एक चप्पल, थर्मोकोलची पत्रावळ. प्रत्येकाला नीट बघायची आणि पुन्हा मागे व्हायची. ऊन डोक्यावर आलं. तिने सकाळपासून पाणीही प्यायलं नव्हतं.

"कितला येळ लागी ताई," ती म्हणाली, "तिले आठे येवाले?"

तिला इथे यायला किती वेळ लागेल, असं ती विचारत होती. मला ते चेंबर दिसत होतं, पिशव्यांनी तुंबलेलं. आयुष्यभर मी लोकांना तोंडावर खरं सांगत आले, त्यापायी भावकी तोडली, ग्रुप गेला, शेजार गेला, आणि मला त्याचा कधी पस्तावा झाला नाही.

"येईलच आता," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि मूठ सोडली नाही.